यंत्राचा भरवसा : एका तुलनेचा अर्थविचार

‘टिकाऊ’ यंत्र आणि ‘भरवशाचे’ यंत्र यांत अर्थदृष्ट्या भेद आहे. टिकाऊपणा हा वस्तूचा गुण होय. भरवसा हा वस्तू आणि तिच्यावर विसंबणारा मनुष्य यांच्यातील संबंध होय. भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला, तर त्यात म्हशीचे वैगुण्य नसते. चुकते ती अपेक्षा. हा भेद दुर्लक्षिला म्हणजे तुलनेत कसा घोटाळा होतो, याचे बोधप्रद उदाहरण व्हिडिओ खेळांच्या यंत्रांनी, अर्थात कन्सोलांनी, पुरविले आहे.

मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. सोनीचे प्लेस्टेशन ३ आणि निंटेंडोचे वी ही त्यानंतर वर्षाने, नोव्हेंबर २००६ मध्ये. एक्सबॉक्सच्या दर्शनी भागावरील प्रकाशवलयाचे तीन चतुर्थांश तांबडे होऊन लुकलुकू लागले, म्हणजे यंत्र निकामी झाले असे समजावे लागे. या तक्रारी इतक्या वाढल्या, की जुलै २००७ मध्ये कंपनीने या बिघाडापुरती हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढविली आणि त्यासाठी १ अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली.

२००९ साली या तिन्ही यंत्रांविषयी दोन पाहण्या प्रसिद्ध झाल्या. वाढीव हमी विकणाऱ्या स्क्वेअरट्रेड या संस्थेने आपल्याकडे नोंदलेल्या यंत्रांपैकी दोन वर्षांत किती बिघडली ते मोजले : एक्सबॉक्स २३.७ टक्के, प्लेस्टेशन १० टक्के, वी २.७ टक्के. ‘गेम इन्फॉर्मर’ या अमेरिकी मासिकाने आपल्या वाचकांना विचारले. तेथे हेच आकडे अनुक्रमे ५४.२, १०.६ आणि ६.८ असे आले. प्लेस्टेशनच्या बाबतीत दोन्ही पाहण्या जवळजवळ एकमत आहेत. एक्सबॉक्सच्या बाबतीत मात्र दुपटीहून अधिक अंतर पडते. पद्धतीचा दोष तिन्ही यंत्रांना सारखाच लागू असता, तर असे झाले नसते.

या विषमतेची कारणे ‘बिघाड’ या शब्दाच्या व्याप्तीत शोधावी लागतात. पहिल्या पाहणीत बिघाड म्हणजे ‘हमी देणाऱ्याकडे नोंदविलेला बिघाड’. परंतु तांबड्या वलयाची दुरुस्ती कंपनीच विनामूल्य करीत असल्यामुळे अनेक एक्सबॉक्सधारकांना अन्यत्र नोंद करण्याचे प्रयोजनच नव्हते. दुसऱ्या पाहणीत बिघाड म्हणजे ‘आजवर केव्हाही अनुभवास आलेला बिघाड’. तेथे वर्षभर आधी आलेल्या यंत्राच्या वाट्यास बिघडण्याचा अवधी अधिक आला. शिवाय ज्याचे यंत्र बंद पडले, तो उत्तर देण्यास अधिक उत्सुक असणार, हेही विसरता येत नाही.

कालमापनाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेल्या माहितीपटात या बिघाडाचे कारण सांगितले आहे. यंत्र चालू केले की तापते, बंद केले की निवते. या आवर्तनांच्या ताणाने आतील घटकांमधील सूक्ष्म जोड तडकत. असे असता यंत्राचे वय महिन्यांत मोजावे, खेळाच्या तासांत मोजावे, की चालू-बंद करण्याच्या आवर्तनांत? रोज अनेक तास राबणारे यंत्र आणि क्वचितच उघडले जाणारे यंत्र यांची ‘दोन वर्षे’ नावापुरतीच समान होत.

एवढ्यावरून दोन्ही पाहण्या निरुपयोगी ठरत नाहीत. निरनिराळ्या वाटांनी जाऊनही त्या एकाच क्रमास पोहोचतात : वी सर्वांत कमी बिघडणारे, एक्सबॉक्स ३६० सर्वांत अधिक. तेव्हा क्रम ग्राह्य मानावा. अंतरे मात्र ग्राह्य मानू नयेत. ‘अमुक यंत्र तमुकाहून पाचपट भरवशाचे’ या विधानास तोवर अर्थ नाही, जोवर कोणाच्या हाती, किती वापरानंतर आणि कशास बिघाड म्हणून, हे तिन्ही निश्चित केलेले नाही. हे निश्चित केल्यावाचून दिलेली टक्केवारी संख्येचा वेष घेतलेले विशेषणच होय.