टोप उतरतो तेव्हा

स्त्रीचं सोंग घेणाऱ्या पुरुषाचं सोंग घेतलेली स्त्री. वाक्य पुन्हा एकदा वाचावं लागतं ना? पुरुषानं स्त्रीपार्ट करावा आणि प्रेक्षकांनी वेडं व्हावं, हे बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला नव्यानं सांगायला नको. पण राइनहोल्ड शुन्त्सेल या दिग्दर्शकानं १९३३ साली ‘व्हिक्टर उंड व्हिक्टोरिया’ या जर्मन संगीतपटात त्यावर आणखी एक पदर चढवला.

सुसान ही काम शोधत फिरणारी गायिका. व्हिक्टर हा फुटकळ रंगमंचावर स्त्रीवेषात गाणारा नट. एका रात्री त्याचा घसा बसतो आणि त्याच्या जागी ती उभी राहते. एजंटला ती पुरुषच वाटते आणि बघता बघता ‘तो’ प्रसिद्ध होतो.

खरी गंमत प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी. गाणं संपतं, ती डोक्यावरचा टोप काढते, खाली आखूड केस दिसतात आणि प्रेक्षागृह थक्क होतं. लोकांना वाटतं, सोंग उतरलं. प्रत्यक्षात त्याच क्षणी दुसरं सोंग सुरू झालेलं असतं आणि ते फक्त आपल्याला ठाऊक असतं. टोप काढण्याच्या एका कृतीत एकाच वेळी खरं आणि खोटं! विनोदाची इतकी नेमकी रचना मी क्वचितच पाहिली आहे.

आता साल पुन्हा पाहा. जानेवारीत हिटलर सत्तेवर आलेला. लैंगिकतेचा अभ्यास करणारी माग्नुस हिर्शफेल्ड यांची बर्लिनमधली संस्था मे महिन्यात उद्ध्वस्त झाली, तिथली पुस्तकं जाळली गेली. आणि त्याच शहरात, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, बाई कोण आणि बुवा कोण या गोंधळावर हा चित्रपट लोकांना हसवत होता. शुन्त्सेलची आई ज्यू होती. त्याला खास परवानगीवर काम करावं लागे. १९३७मध्ये त्यानं देश सोडला. पुढे हिचकॉकच्या ‘नटोरियस’मध्ये त्याला भूमिका मिळाली, ती नाझी कटातल्या शास्त्रज्ञाची.

कथा मात्र मरेना. १९३५मध्ये इंग्लंडमध्ये ‘फर्स्ट अ गर्ल’ आला आणि १९८२मध्ये ब्लेक एडवर्ड्सनं पत्नी ज्युली अँड्र्यूजला घेऊन ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ केला. यात पॅरिस, साल १९३४. उपाशी व्हिक्टोरिया हॉटेलात भरपेट जेवते आणि बिल चुकवण्यासाठी पर्समधून आणलेलं झुरळ सॅलडमध्ये सोडायला निघते. पुढचा सगळा बनाव या भुकेतून सुरू होतो, म्हणूनच तो पटतो.

एडवर्ड्सनं प्रेमाचा पेच अधिक धीटपणे मांडला. शिकागोहून आलेला किंग मार्शंड तिच्यावर भाळतो आणि ‘तो’ पुरुष आहे असं कळल्यावर हादरतो. आकर्षण खरं, मग त्रास नेमका कशाचा? तू पुरुष असलास तरी मला पर्वा नाही, असं म्हणत तो तिचं चुंबन घेतो खरा. पण ती बाई असल्याची खात्री त्यानं आधीच लपून करून घेतलेली असते. इथे दिग्दर्शक एक पाऊल मागे सरला, असं मला वाटतं. याउलट किंगचा धिप्पाड अंगरक्षक आपलं पुरुषांवर प्रेम आहे हे सरळ सांगून टाकतो. चित्रपटातला सर्वांत निर्भय क्षण तोच.

हेन्री मॅन्सिनी आणि लेस्ली ब्रिकस यांना या चित्रपटाच्या संगीतासाठी ऑस्कर मिळालं. जमलं तर दोन्ही चित्रपट पाहा, पण आधी १९३३चा.