ताऱ्यांचा अंत कसा होतो?

बंगळुरूच्या इंदिरानगरपासून काही किलोमीटरवर, विमानपुरा येथे, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे यू. आर. राव उपग्रह केंद्र आहे. 'ॲस्ट्रोसॅट' ही देशाची पहिली बहुतरंगलांबी अंतराळ वेधशाळा याच केंद्रात सिद्ध झाली आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात झेपावली. पाच वर्षांसाठी आखलेल्या या वेधशाळेने २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण केली. अंतिम अवस्थेतील ताऱ्यांचे निरीक्षण हे तिचे एक प्रमुख कार्य आहे. क्ष-किरण आणि बहुतांश अतिनील किरण वातावरणात शोषले जात असल्याने त्यांचा वेध अवकाशातूनच घ्यावा लागतो.

दोन बलांचा समतोल

वायू आणि धुळीचा ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसतो. गाभ्याचे तापमान सुमारे एक कोटी अंशांवर पोहोचले की हायड्रोजनचे हेलियममध्ये संमीलन सुरू होते आणि तारा जन्मतो. आत खेचणारे गुरुत्वाकर्षण आणि बाहेर रेटणारा तप्त वायूचा दाब यांच्या समतोलावर त्याचे आयुष्य चालते. इंधन सरले की हा समतोल ढळतो.

ताऱ्याचे भवितव्य मुख्यतः वस्तुमानावर ठरते. वजनदार ताऱ्याजवळ इंधन अधिक असते, परंतु त्याची उधळपट्टी त्याहून मोठी असते. सूर्याचे एकूण आयुष्य सुमारे १० अब्ज वर्षांचे आहे. त्याच्या पंचवीसपट वस्तुमानाचा तारा मात्र एक कोटी वर्षांच्या आतच संपतो.

श्वेत बटू की महास्फोट?

सुमारे पाच अब्ज वर्षांनी सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. त्याचे बाह्य थर अवकाशात विखुरतील आणि पृथ्वीएवढा, अतिघन श्वेत बटू मागे उरेल. अशा बटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटींपेक्षा अधिक असू शकत नाही. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९३० च्या सुमारास मांडलेली ही मर्यादा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सूर्याच्या सुमारे आठपटींहून जड ताऱ्यांच्या गाभ्यात शेवटी लोह साठते. लोहाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. आधार नाहीसा झालेला गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो आणि महास्फोट होतो. मागे सुमारे २० किलोमीटर व्यासाचा, म्हणजे बंगळुरू शहरात मावेल एवढा, न्यूट्रॉन तारा उरतो. गाभा फारच जड असेल तर कृष्णविवर बनते.

वृषभ राशीतील असा एक स्फोट चिनी निरीक्षकांनी १०५४ मध्ये नोंदवला होता. त्याचे अवशेष म्हणजे खेकडा तेजोमेघ. त्यातील न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे तीस वेळा स्वतःभोवती फिरतो. ॲस्ट्रोसॅटवर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बनवलेले एक उपकरण आहे. त्याने या ताऱ्याच्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ताऱ्याचा झोत आपल्याकडे नसतानाही ध्रुवीकरण बदलते, हे त्यातून दिसले. प्रचलित सिद्धांतांना ते अनपेक्षित होते. अशाच मापनांसाठी १ जानेवारी २०२४ रोजी 'एक्सपोसॅट' प्रक्षेपित झाला. त्याचे मुख्य उपकरण बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने घडवले आहे.

हा अभ्यास केवळ दूरच्या आकाशाचा नाही. आपल्या रक्तातील लोह आणि हाडांतील कॅल्शियम ताऱ्यांच्या अंतरंगात व त्यांच्या स्फोटांतच घडले. अवकाशात विखुरलेल्या त्या द्रव्यातून पुढे सूर्य आणि पृथ्वी आकारास आले.