चाक थांबले की दिवा का विझतो?

सायकलचा डायनामो आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. बाटलीच्या आकाराची ती लहानशी वस्तू टायरला टेकवली की चाकाबरोबर फिरू लागे आणि पुढचा दिवा उजळे. वेग वाढला की प्रकाश वाढे. सायकल थांबली की अंधार होई. डायनामोच्या आत मुख्य वस्तू दोनच : एक चुंबक आणि त्याच्याजवळ बसविलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे. सायकल थांबल्यावरही दोन्ही जागच्या जागीच असतात. मग वीज नाहीशी का होते?

या प्रश्नाने एके काळी युरोपातील नामवंत शास्त्रज्ञांनाही चकविले होते. विद्युतधारेमुळे चुंबकसूची विचलित होते, हे १८२० साली ओर्स्टेड यांनी दाखविले. तेव्हा याच्या उलट, चुंबकापासून वीज मिळावी, असे अनेकांना वाटू लागले. जिनिव्हाचे कोलाडोन यांनी १८२५ मध्ये वेटोळे आणि चुंबक घेऊन प्रयोग केला. चुंबकाचा थेट परिणाम सूचीवर होऊ नये म्हणून त्यांनी मापक यंत्र दुसऱ्या खोलीत ठेवले. चुंबक वेटोळ्यात सरकवून ते तेथे जाऊन पाहत, तोवर सूची पुन्हा स्थिरावलेली असे. शोध हाताशी आला होता. पण त्या क्षणी पाहणारे कोणी तेथे नव्हते.

तो क्षण टिपला मायकेल फॅरेडे यांनी. लोहाराच्या घरी जन्मलेल्या या मुलाचे शालेय शिक्षण जेमतेम झाले होते. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना, बांधायला आलेली पुस्तके वाचून तो विज्ञानाकडे वळला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरेडे यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली. पहिल्याला बॅटरी जोडताच दुसऱ्याशी संबंधित सूची क्षणभर हलली आणि परत आली. बॅटरी काढताच ती उलट दिशेने हलली. मधल्या काळात धारा अखंड वाहत असूनही सूची स्तब्ध होती. पुढे ऑक्टोबरमध्ये केवळ चुंबक वेटोळ्यात आत-बाहेर करूनही त्यांनी वीज मिळविली.

निष्कर्ष स्पष्ट होता. चुंबकाच्या केवळ अस्तित्वाने वीज निर्माण होत नाही. वेटोळ्यातून जाणाऱ्या चुंबकीय बलरेषांच्या संख्येत बदल झाला, तरच त्यात विद्युतधारा निर्माण होते. यालाच विद्युतचुंबकीय प्रवर्तन म्हणतात. हा बदल तीन प्रकारे घडविता येतो : चुंबकीय क्षेत्राची तीव्रता बदलून, वेटोळ्याचे क्षेत्रफळ बदलून किंवा वेटोळे वळवून. विद्यार्थी येथे एक चूक हमखास करतात. एकसमान चुंबकीय क्षेत्रात वेटोळे न वळविता नुसते सरकविले, तर हालचाल होऊनही धारा मिळत नाही. कारण बलरेषांची संख्या तेवढीच राहते.

बदल जितका जलद, तितका विद्युतदाब अधिक. १०० वेढ्यांचे, १० सेंटिमीटर बाजूचे एक चौरस वेटोळे घेऊ. त्याच्या पातळीला लंब असलेले ०.५ टेस्लाचे क्षेत्र ०.१ सेकंदात एकसारख्या गतीने शून्यावर आणले, तर ५ व्होल्ट विद्युतदाब मिळतो. हेच काम एका सेकंदात केले, तर अर्धाच व्होल्ट मिळेल. सायकलचा वेग वाढताच दिवा प्रखर का होई, याचे उत्तर बव्हंशी यातच आहे.

डायनामो टेकवला की पायडल जड होत असे, हेही अनेकांना आठवत असेल. त्याचे एक कारण घर्षण. दुसरे कारण लेंझ यांनी १८३४ मध्ये सांगितले. प्रवर्तित धारा ज्या बदलामुळे निर्माण होते, त्याच बदलाला ती विरोध करते. तो विरोध मोडून चाक फिरविण्यासाठी पायांना श्रम करावे लागतात आणि तेच श्रम प्रकाशरूपाने बाहेर येतात. वीज फुकट मिळत नाही. कोणीतरी तिची किंमत मोजलेली असते.

खोपोलीच्या जलविद्युत केंद्रात ती किंमत घाटमाथ्यावरून कोसळणारे पाणी मोजते. १९१५ पासून तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. रोहित्र आणि स्वयंपाकघरातील इंडक्शन शेगडी यांच्या मुळाशीही हेच तत्त्व आहे.

म्हणूनच पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करावीशी वाटते. मुलांनी हा नियम पाठ केला, एवढ्यावर समाधान मानू नये. एक चुंबक, तारेचे वेटोळे आणि गॅल्व्हानोमीटर त्यांच्या हाती द्यावे. ही साधने कपाटात कुलूपबंद राहिली, तर कोलाडोन यांच्याप्रमाणे आपली मुलेही दुसऱ्याच खोलीत राहतील. काटा हलतो तेव्हा मूल त्याच्यासमोर असले पाहिजे.