मेणात टिकलेली बावीस अक्षरं

ढाणकीतल्या आमच्या एका काकांची एन्डोस्कोपी नांदेडला झाली. जठरातून काढलेले कणीएवढे तुकडे बाटलीत घालून ती माझ्याच हातात दिली, लॅबमध्ये पोचवायला. एवढ्याशा मांसातून काय कळणार, हे बघायचं म्हणून परवानगी काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे गेलो.

फॉर्मालिन, अल्कोहोल, झायलीन, मग वितळलेलं मेण. तुकड्यांचं हे सगळं रात्रीतून मशीनमध्ये उरकलेलं. झायलीनचा गोडसर, उग्र वास कपड्यांत बसतो. मेणातल्या तुकड्याचे पातळ काप काढणाऱ्या मायक्रोटोमवर बसलेल्या ताई चाक फिरवताना बोलत नाहीत. चार मायक्रॉनचा काप, मेणाची पट्टी कोमट पाण्यावर सोडली की सुरकुत्या उलगडतात, खालून काच घालून ती अलगद उचलायची. 'इथे वाया गेलं तर पेशंटला पुन्हा नळी गिळावी लागते,' चाक थांबल्यावर त्या म्हणाल्या.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मेणाचा उरलेला ब्लॉक दाखवला. मेणात लांब आरएनए तुटून जातो, म्हणाल्या, पण मायक्रोआरएनए टिकतो, कारण तो जेमतेम 22 अक्षरांचा. त्यापासून प्रथिन बनत नाही; तो दुसऱ्या जनुकांचे निरोप अडवतो. त्याच्या शोधासाठी अ‍ॅम्ब्रोस आणि रुव्हकुन यांना 2024 चं नोबेल मिळालं. पेशींची बेसुमार वाढ रोखणाऱ्या मिर-34बी, मिर-34सी या मायक्रोआरएनएंच्या जनुकांवर जठराच्या कर्करोगात मिथाइलच्या रासायनिक खुणा चढतात. जनुक जागेवरच असतं, अक्षरही बदललेलं नसतं, पण ते बंद पडतं. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूच्या जुन्या संसर्गात अशा खुणा कर्करोगाआधीच, वरून धडधाकट दिसणाऱ्या अस्तरातही सापडतात. जंतू गेल्यावर काही उतरतात, सगळ्या नाही. जपानी संशोधकांनी मिर-124ए जनुकावरच्या खुणा मोजून पुढचा धोका कुणाला जास्त, हे ताडून दाखवलं आहे.

फक्त 22 अक्षरं! पण ती टिकायची तर तुकडा काढल्याबरोबर फॉर्मालिनमध्ये, आणि तेही भरपूर फॉर्मालिनमध्ये, पडायला हवा. सलाईनमध्ये तासन्‌तास राहिलेल्या बाटल्याही येतात, ताई म्हणाल्या. मला तर वाटतं, या संशोधनातला पहिला शास्त्रज्ञ म्हणजे ती बाटली भरणारी नर्स. तिला हे कुणीतरी समजावून सांगायला हवं.

काकांच्या अहवालात कर्करोग नाही, पायलोरी आहे. चौदा दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या. खुणा मोजायची तपासणी अजून संशोधनापुरतीच आहे, त्यामुळे ती झाली नाही. ब्लॉकवर नंबर टाकून ताईंनी तो कपाटात लावला आणि पुढची बाटली उघडली.