नाडीचा काच

आत्याच्या कमरेवर उजव्या बाजूला, परकराची नाडी जिथं चाळीस वर्षं आवळली गेली तिथंच, रुपयाएवढी जखम होती. "काच हाय, दुसरं काय," म्हणत तिनं दीड वर्ष हळद-तेल लावलं. आमच्या भूम तालुक्यात खव्याच्या भट्टीपुढं बसणाऱ्या, रानात खुरपणाऱ्या बायकांच्या कमरेला काळा पट्टा पडतोच. त्याकडं कुणी बघत नाही. जखमेची कड जाड होऊन बाहेर उलटली, वास यायला लागला, तेव्हा कुठं आत्या बार्शीला यायला तयार झाली.

डॉक्टरांनी बोटानं कड चाचपली, मग काख आणि जांघ. "मावशी, किती दिवस झाले?" एवढंच विचारलं. बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं आणि पेन्सिलीएवढ्या पोकळ पात्यानं, गिरमिट फिरवावं तसं फिरवून, कडेचा तुकडा काढला. तो फॉर्मालिनच्या बाटलीत पडला, बाटलीवर नाव चिकटलं. आठवड्यानं अहवाल आला: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा.

मला धक्का बसला, डॉक्टरांना नाही. त्वचेचा कर्करोग म्हणजे गोऱ्या कातडीचा, उन्हाचा आजार अशी माझी समजूत. आपल्या कातडीतलं मेलॅनिन ऊन बरंचसं अडवतं. पण भाजल्याचा जुना व्रण किंवा वर्षानुवर्षं न भरलेली जखम वेगळ्याच वाटेनं बिघडते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी धोतराच्या काचातून होणाऱ्या कर्करोगाबद्दल १९४५ मध्येच लिहिलं होतं. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी असेच दोन रुग्ण जगापुढं मांडले. त्यांतली एक बाई परकर न घालता दोरीनं लुगडं कसणारी होती. आमच्या भागाला तर कर्करोग मोजण्याचीही सवय आहे: देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली आणि बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात आली.

उपचारांचे पर्याय डॉक्टरांनी एका कागदाच्या पाठीवर लिहून समजावले. त्वचेच्या कर्करोगाचा अगदी वरवरचा बेसल सेल प्रकार असता तर इमिक्विमॉड किंवा फ्लुरोयुरॅसिलचं मलम काही आठवडे लावून भागलं असतं. लहान, कमी धोक्याची गाठ खरवडून विजेनं जाळता येते, किंवा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजननं गोठवता येते. नाक, पापणी, ओठ अशा जागी, जिथं तसूभर कातडीही मोलाची, तिथं मोह्‌स पद्धत बरी: एक पातळ थर काढायचा, तिथल्या तिथं सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, पेशी उरल्या असतील तेवढ्याच जागी पुन्हा कापायचं. शस्त्रक्रिया झेपणार नसेल तर किरणोपचार. कापायचंच तर साध्या बेसल सेलला भोवतालची चार मिलिमीटर निरोगी कातडी काढली तरी पुरते. "पण काचातला, व्रणातला कर्करोग जास्त खोडकर," डॉक्टर म्हणाले, "तो काखेतल्या-जांघेतल्या गाठींत लवकर उतरतो. इथं मलम नको, सुरीच हवी. दोन सेंटिमीटर."

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांनी शाईच्या पेनानं जखमेभोवती रेघ ओढली आणि पट्टीनं चारी बाजूंनी अंतर मोजलं. रुपयाएवढ्या जखमेचा बशीएवढा गोल झाला. आत्या मान वळवून तो बघत राहिली. "एवढं?" तिनं विचारलं.

दीड तासानं मला आत बोलावून ट्रे दाखवला. कापलेल्या कातडीच्या वरच्या कडेला काळ्या दोऱ्याचा एक टाका होता. प्रयोगशाळेत वर-खाली कळावं, कुठली कड साफ आणि कुठली नाही ते सांगता यावं, म्हणून तो. मांडीवरची पातळ कातडी काढून कमरेवर बसवली होती आणि ती हलू नये म्हणून वर कापसाचा बोळा टाक्यांनी आवळला होता. पाचव्या दिवशी बोळा सोडला. खाली गुलाबी रंग दिसला. "धरली," डॉक्टर म्हणाले. सगळ्या कडा साफ असल्याचा अहवाल नंतर आला. दुखलं ते मांडीचं, कमरेचं नव्हे, अशी आत्याची तक्रार.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. दर वेळी काख आणि जांघ चाचपतात. नाडी जाऊन रुंद कापडी पट्टा आला, तोही सैल, आणि रोज थोडा वर-खाली बांधलेला. तिच्या शेजारणी तो बघायला येतात, तेव्हा आत्या प्रत्येकीला स्वतःची कमर दाखवायला लावते. तुमच्या घरातल्या बाईच्या कमरेवर महिनाभरात न भरलेली जखम असेल, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि तुकडा काढून तपासून घ्या.