पान्यांचा संच निवडताना : गाळलेल्या मापांचा विचार

शिरूर व दौंड या शेजारच्या तालुक्यांतील बागाईत शेती बव्हंशी पाण्याच्या पाळीवर अवलंबून आहे. चासकमान व घोड प्रकल्पांच्या कालव्यांचे पाणी शिरूर तालुक्यास मिळते, तर खडकवासल्याहून येणारा कालवा दौंड तालुक्यातील शेती भिजवितो. भीमा, घोड व मुळा-मुठा या नद्यांच्या काठी पंप बसविलेले आहेत. ऊस, कांदा व भाजीपाला या पिकांसाठी ट्रॅक्टर व निरनिराळी अवजारे वापरली जातात, आणि केडगाव-राहू भागात गुऱ्हाळांचे चरक चालतात. या सर्व यंत्रांत एक गोष्ट समान आहे. ती सर्व नट-बोल्टांनी जखडलेली असतात. कालव्याचे आवर्तन चालू असता पंपाचा एखादा नट सुटेना, किंवा चुकीच्या पान्याने त्याचे कोपरे झिजून तो गोल झाला, तर किरकोळ दुरुस्तीसाठी पाण्याची पाळी हातची जाते. अशा प्रसंगी दोष पुष्कळदा यंत्राचा नसून पान्यांच्या अपुऱ्या संचाचा असतो.

बाजारात पान्यांचे व सॉकेटांचे (कारागिरांच्या भाषेत गोटी पान्यांचे) संच दोन प्रकारचे मिळतात. एका प्रकारात मापे ओळीने, एकेक मिलिमीटरने वाढत जातात. दुसऱ्या प्रकारात काही मापे गाळलेली असतात. दुसरा संच स्वस्त व वजनाने हलका असतो. मात्र गाळलेली मापे आपल्या यंत्रास लागणारी आहेत किंवा नाहीत, हे पाहिल्याशिवाय तो घेणे हिताचे नाही.

पान्याचे माप म्हणजे काय?

पान्यावर कोरलेला आकडा नटाच्या समोरासमोरील दोन सपाट बाजूंमधील अंतर दाखवितो. बोल्टाची जाडी व हे अंतर या भिन्न गोष्टी आहेत. ८ मि. मी. जाडीच्या बोल्टास सामान्यतः १३ मि. मी. चा पाना लागतो. षट्कोनी नटाचे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे अंतर सपाट बाजूंमधील अंतराच्या सुमारे १.१५ पट असते. म्हणजे १३ मि. मी. च्या नटाचे कोपरे परस्परांपासून जास्तीत जास्त १५ मि. मी. अंतरावर असतात. त्यावर १४ चा पाना लावला, तर तो सपाट बाजूंना न भिडता केवळ कोपऱ्यांवर जोर देतो. घट्ट बसलेला नट अशा वेळी फिरत नाही, त्याचे कोपरे मात्र कुरतडले जातात, आणि पाना निसटून हातास इजा होते. 'एका मिलिमीटरने काय बिघडते?' ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

एकाच जाडीच्या बोल्टास निरनिराळे पाने

गाळलेल्या मापांचा प्रश्न उद्भवतो तो एकाच जाडीच्या बोल्टाची डोकी निरनिराळ्या मानकांप्रमाणे निरनिराळ्या मापांची असल्यामुळे. पुढील तपशील या दृष्टीने उपयुक्त आहे.

१० मि. मी. जाडीचा बोल्ट : जुन्या पद्धतीत १७ चा पाना, आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १६ चा, जपानी घडणीत १४ चा.
१२ मि. मी. जाडीचा बोल्ट : अनुक्रमे १९, १८ व १७.
१४ मि. मी. जाडीचा बोल्ट : अनुक्रमे २२, २१ व १९.

८ मि. मी. च्या बोल्टास पहिल्या दोन्ही पद्धतींत १३ चा पाना चालतो, जपानी घडणीत मात्र १२ चा लागतो. १६ मि. मी. च्या बोल्टास पहिल्या दोन्ही पद्धतींत २४ चाच पाना लागतो. त्यामुळे २४ हे माप कोणत्याही शेतकऱ्याच्या संचात असावे.

बाजारात आजही जुन्या व नव्या अशा दोन्ही पद्धतींचे बोल्ट आढळतात. एखाद्या अवजारावर मूळचे बोल्ट १७ चे असतात व दुरुस्तीच्या वेळी बसविलेले १६ चे निघतात. जपानी घडणीचा पॉवर टिलर किंवा छोटा ट्रॅक्टर असल्यास १२ व १४ ही मापे वारंवार लागतात.

जुन्या यंत्रांची इंची मापे

१९५६ च्या कायद्यान्वये भारताने मेट्रिक पद्धत स्वीकारली व १९५८ पासून तिचा टप्प्याटप्प्याने अवलंब झाला. तथापि मॅसी फर्ग्युसन किंवा इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या मूळ आराखड्यावर बनलेल्या जुन्या ट्रॅक्टरांवर इंची मापाचे नट पुष्कळ असतात. अशा ठिकाणी कोणता मेट्रिक पाना चालेल, हे गणिताने ठरविता येते. ५/८ इंच म्हणजे १५.८८ मि. मी. त्यास १६ चा पाना चांगला बसतो. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मि. मी. नटावर रंग वा गंज नसल्यास तेथे १९ चा पाना बहुधा बसतो. १५/१६ इंच म्हणजे २३.८१ मि. मी. त्यास २४ चा चालतो. परंतु ९/१६ इंच (१४.२९ मि. मी.) व ११/१६ इंच (१७.४६ मि. मी.) यांस जुळणारा मेट्रिक पाना नाही. १४ व १७ त्यांवर चढत नाहीत, आणि १५ व १८ सैल पडतात. ही दोन इंची मापे सुटी विकत घेणे इष्ट.

लिस्टर पद्धतीच्या जुन्या तेल इंजिनांवर व्हिटवर्थ आट्यांचे बोल्ट असतात. त्यांच्या पान्यावरील आकडा नटाची रुंदी नव्हे, तर बोल्टाची जाडी दाखवितो. '३/८' ही व्हिटवर्थ खूण असलेल्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात सुमारे १८ मि. मी. असते. हे ठाऊक नसल्यास दुकानात हमखास घोटाळा होतो.

कोणती मापे गाळलेली चालतात?

लहान संचांत बहुधा ११, १५, १६ किंवा १८ ही मापे गाळली जातात. त्यांपैकी १६ व १८ ही गाळणे शेतकऱ्यास महाग पडते. १६ हे नव्या पद्धतीच्या १० मि. मी. च्या बोल्टास व इंची ५/८ च्या नटास, तर १८ हे नव्या पद्धतीच्या १२ मि. मी. च्या बोल्टास व उपरोक्त व्हिटवर्थ नटास उपयोगी पडते. उलटपक्षी २०, २३, २५, २६, २८ व २९ ही मापे शेतीच्या यंत्रांवर क्वचितच लागतात. ती संचात नसली तरी काम अडत नाही. ती असल्यास त्यांच्या किमतीचा पैसा पेटीत पडून राहतो.

यावरून सामान्य नियम असा निघतो. ८ ते १९ पर्यंतची मापे सलग, एकही न गाळता घ्यावीत, आणि त्यापुढे २१, २२, २४, २७, ३० व ३२ यांपैकी आपल्या यंत्रास लागतील तेवढीच घ्यावीत.

दुतोंडी पान्यांच्या संचाबाबत विशेष काळजी घ्यावी. नेहमीच्या संचात १६×१७ व १८×१९ यांनंतर २०×२२ हा पाना येतो. २१ हे माप त्यापुढील २१×२३ या पान्यावर असते. आठ पान्यांचा संच २०×२२ वर संपत असल्यास त्यात २१ व २४ ही दोन्ही मापे नसतात. शिवाय पाने किती, यावर समाधान मानू नये. बोल्टाचे डोके व नट बहुधा एकाच मापाचे असल्याने एक पकडून दुसरा फिरवावा लागतो, व त्यासाठी त्याच मापाची दोन साधने हवीत. म्हणून एका टोकास उघडे तोंड व दुसऱ्या टोकास रिंग असलेले पाने आणि जोडीस तीच मापे असलेले सॉकेट, अशी निवड सोयीची ठरते. सॉकेट सहा कोनी घ्यावेत. झिजलेल्या किंवा गंजलेल्या नटावर बारा कोनी सॉकेटापेक्षा ते अधिक घट्ट बसतात. दांड्याचा चौकोन अर्ध्या इंचाचा असावा.

खरेदीपूर्वी करावयाची नोंद

दुकानात जाण्यापूर्वी एक दिवस काढून आपल्या प्रत्येक यंत्रावरील नट मोजावेत. प्रथम माती, रंग व गंज तारेच्या ब्रशाने साफ करावा. व्हर्नियर असल्यास सपाट बाजूंमधील अंतर मोजावे. नसल्यास गावातील कारागिराचे पाने लावून पाहावेत. पंप, मोटर, इंजिन, ट्रॅक्टर, नांगर, पेरणी यंत्र अशी क्रमवार नावे वहीत लिहून प्रत्येकापुढे लागणारी मापे मांडावीत. मोजताना मोटरीचा वीजपुरवठा बंद असावा व ट्रॅक्टरचे इंजिन थांबविलेले असावे.

ही वही घेऊन दोन्ही प्रकारच्या संचांची तुलना करावी. गाळलेल्या मापांच्या संचाची किंमत व त्यात नसलेल्या परंतु आपणास हव्या असलेल्या सुट्या पान्यांची किंमत यांची बेरीज करावी. ही बेरीज सलग संचाच्या किमतीहून कमी भरली तरच पहिला संच स्वस्त म्हणता येईल. सुटे पाने त्याच प्रतीचे घ्यावेत. दुतोंडी उघड्या पान्यांसाठी भारतीय मानक क्र. २०२८ व रिंग पान्यांसाठी क्र. २०२९ आहे. त्यांचा उल्लेख पाहून खरेदी केल्यास तोंड पसरण्याची भीती कमी राहते.

संच घरी आल्यावर त्यातील प्रत्येक पाना संबंधित नटावर एकदा लावून पाहावा व न बसणाऱ्या मापाची वहीत खूण करावी. हे काम आवर्तन सुरू होण्यापूर्वी किंवा रब्बीच्या पेरणीआधी उरकावे, म्हणजे उणीव आढळल्यास ती भरून काढण्यास अवधी मिळतो. पाने तेलाच्या फडक्याने पुसून मापांच्या क्रमाने ठेवावेत. रिकामी जागा दिसताच हरवलेले माप कळते, आणि पूर्ण घेतलेला संच नकळत गाळलेल्या मापांचा होत नाही.