कॉलेजात पिस्तूल : टेक्सासचा कायदा, त्यावरची बहस आणि तिथे शिकणारी आपली मुलं

आता आपल्या नात्यागोत्यात कोणी ना कोणी शिक्षणासाठी अमेरिकेत असतं. टेक्सासमधली ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन ही नावं घराघरांत ऐकू येतात. ॲडमिशन, फी, व्हिसा, राहायची सोय, हलाल जेवण कुठे मिळेल, ही सगळी चौकशी पालक करतात. एक गोष्ट मात्र क्वचितच कोणी विचारतं. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठात शेजारी बसलेल्या विद्यार्थ्याच्या कमरेला, शर्टाखाली, भरलेलं पिस्तूल असू शकतं आणि ते पूर्ण कायदेशीर असतं. तिकडे याला 'कॅम्पस कॅरी' म्हणतात. हा कायदा कसा झाला, बाजूने आणि विरोधात काय बोललं गेलं आणि आपल्या मुलांचा त्याच्याशी काय संबंध, ते नीट समजून घेऊ या.

कायदा नेमका काय आहे?

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे सरकार परवाना देईल तरच पिस्तूल मिळतं. त्यासाठी कारण सांगावं लागतं आणि नकारही मिळू शकतो. अमेरिकेत गोष्ट उलटी आहे. तिथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगणं हा नागरिकाचा हक मानला आहे. त्यामुळे तिथला सवाल 'परवानगी का द्यावी?' असा नसतो, 'बंदी का घालावी?' असा असतो. हा फरक लक्षात घेतला नाही तर पुढची सगळी बहस आपल्याला वेडेपणाची वाटेल.

टेक्सासमध्ये १९९५ च्या कायद्यापासून परवानाधारकाला पिस्तूल लपवून बाळगता येत होतं. कॉलेजच्या आवारात, पार्किंगमध्येही चालत होतं, पण इमारतीत नेता येत नव्हतं. २०१५ मध्ये 'सिनेट बिल ११' आलं आणि ही अट काढली गेली. सिनेटमध्ये २० विरुद्ध ११ आणि प्रतिनिधीगृहात ९८ विरुद्ध ४७ मतांनी ते मंजूर झालं. १३ जून २०१५ रोजी गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी त्यावर सही केली. चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठांत ते १ ऑगस्ट २०१६ पासून आणि कम्युनिटी कॉलेजांत एक वर्षानंतर लागू झालं.

अटी अशा : परवाना हवा, आणि कायदा आला तेव्हा त्यासाठी साधारणपणे वय २१ पूर्ण असावं लागे. प्रशिक्षण, नेमबाजीची परीक्षा आणि गुन्ह्यांची तपासणी आलीच. पिस्तूल लपलेलंच असलं पाहिजे, दाखवत फिरणं हा गुन्हा. खासगी विद्यापीठांना नकार द्यायची मुभा आहे आणि जवळजवळ सगळ्यांनी नकारच दिला. सरकारी विद्यापीठं काही ठरावीक जागा शस्त्रमुक्त ठेवू शकतात, पण सगळ्या कॅम्पसवर बंदी घालू शकत नाहीत. २०२१ मध्ये टेक्सासने सार्वजनिक जागी परवान्याशिवायही पिस्तूल बाळगायला मोकळीक दिली, पण कॅम्पससाठी परवान्याची अट कायम राहिली.

बाजूने काय म्हणतात?

समर्थकांची बाजू नुसती हौसेची नाही, ती दु:खातून आलेली आहे. १९९१ मध्ये किलीन गावातल्या लूबीज कॅफेटेरियात एका माणसाने २३ जणांना मारलं. त्यात सुझॅना हप यांचे आईवडील दोघेही गेले. त्यांचं पिस्तूल कायदा पाळण्यासाठी बाहेर गाडीत ठेवलेलं होतं. पुढे त्या आमदार झाल्या आणि आयुष्यभर हेच सांगत राहिल्या की कायद्याने माझेच हात बांधले, मारेकऱ्याचे नाही.

एप्रिल २००७ मध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यात मुंबईची एक विद्यार्थिनी आणि तमिळनाडूतून गेलेले एक प्राध्यापकही होते. त्या कॅम्पसवर शस्त्रबंदी होतीच. म्हणून समर्थक विचारतात, बंदीची पाटी वाचून कोणता मारेकरी परत फिरतो? पोलीस यायला काही मिनिटं लागतात, त्या मिनिटांत हिफाजत कोण करणार? बिल मांडणारे सिनेटर ब्रायन बर्डवेल हे ११ सप्टेंबर २००१ च्या पेंटॅगॉन हल्ल्यात भाजून वाचलेले लष्करी अधिकारी. परवानाधारकांमध्ये गुन्ह्यांचं प्रमाण फार कमी असतं, हाही समर्थकांचा मुद्दा आहे आणि तो खोटा नाही.

विरोधात काय म्हणतात?

विरोध करणाऱ्यांत सर्वांत वजनदार नाव होतं विल्यम मॅकरेव्हन यांचं. ते तेव्हा टेक्सास विद्यापीठ समूहाचे कुलपती. त्याआधी ते नौदलात ॲडमिरल होते आणि बिन लादेनवरच्या कारवाईची सूत्रं त्यांच्याकडे होती. म्हणजे बंदुकीला घाबरणारा माणूस नव्हे. त्यांनी आमदारांना लेखी कळवलं की यामुळे कॅम्पस अधिक सुरक्षित होणार नाही, उलट धोका वाढेल.

पहिला मुद्दा अपघाताचा. आयडाहो राज्यात २०१४ मध्ये असाच कायदा लागू झाला आणि काही आठवड्यांतच एका प्राध्यापकाच्या खिशातलं पिस्तूल भर वर्गात सुटून गोळी त्यांच्याच पायाला लागली. दुसरा मुद्दा आत्महत्येचा. परीक्षा, एकटेपणा, कर्ज यांनी खचलेल्या तरुणाच्या हाताशी पिस्तूल असलं तर वाईट क्षण निघून जायला वेळच मिळत नाही. तिसरा मुद्दा गोंधळाचा. २०१५ मध्ये ओरेगॉनच्या अम्पक्वा कम्युनिटी कॉलेजात गोळीबार झाला तेव्हा कॅम्पसवर एक माजी सैनिक विद्यार्थी पिस्तूल घेऊन हजर होता. तो पुढे गेला नाही. पोलीस आपल्यालाच मारेकरी समजतील, ही त्याची भीती. खरंच, हातात पिस्तूल असलेल्या दोघांपैकी चांगला कोण, हे धावत येणाऱ्या पोलिसाने कसं ओळखायचं?

वर्गात काय झालं?

एक शिक्षक म्हणून मला सगळ्यात जास्त खटकली ती ह्यूस्टन विद्यापीठातली गोष्ट. कायदा लागू होण्याआधी, २०१६ च्या सुरुवातीला, तिथल्या प्राध्यापकांच्या सभेत काही सूचना पडद्यावर दाखवल्या गेल्या. त्यांचा आशय असा : नाजूक विषयांवर बोलताना जपून, काही विषय अभ्यासक्रमातून काढायचा विचार करा, विद्यार्थी चिडलाय असं वाटलं तर तिथेच थांबा. म्हणजे एकही गोळी न सुटता तालीम बदलायला लागली होती.

वर्ग चालतो भरवशावर. कमी गुण का दिले, हे तोंडावर सांगावं लागतं. इतिहास शिकवताना कोणाला तरी टोचणारच. समोरच्या चाळीसपैकी कोणाकडे पिस्तूल आहे हे माहीत नसेल, तर बोलणारा आपोआप आवाज खाली करतो. ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिका हेच म्हणणं घेऊन कोर्टात गेल्या. २०१८ मध्ये अपील कोर्टाने त्यांचा दावा फेटाळला. त्यांची भीती ही प्रत्यक्ष झालेली हानी नाही, असं कोर्टाने धरलं. ऑस्टिनच्या आर्किटेक्चर विभागाचे डीन फ्रेडरिक स्टाइनर यांनी तर विद्यापीठ सोडलं आणि हा कायदा त्याचं एक कारण असल्याचं उघड सांगितलं. ऑस्टिनच्या नियमाप्रमाणे एकट्याच्या ऑफिसात प्राध्यापक पिस्तूल आणायला मनाई करू शकतो. वर्गात मात्र नाही.

भरवसा कोणाच्या हातावर?

सारा कायदा एका गृहीतावर उभा आहे : परवाना असलेला माणूस भरवशाचा. पण परवाना कागद तपासतो, नीयत नाही. टेक्सासचं विधिमंडळ या बिलावर बसलेलं असतानाच, फेब्रुवारी २०१५ मध्ये, नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिलमध्ये तीन मुस्लिम तरुण विद्यार्थ्यांना त्यांच्या घरात शेजाऱ्याने गोळ्या घातल्या. त्या शेजाऱ्याकडे पिस्तूल लपवून बाळगायचा रीतसर परवाना होता. पुढे त्याला जन्मठेप झाली, पण गेलेली मुलं गेलीच.

आणि बिलावर सही झाल्यावर तीनच महिन्यांनी टेक्सासच्याच अर्विंग शहरात १४ वर्षांचा एक मुस्लिम मुलगा स्वत: जोडलेलं घड्याळ शाळेत घेऊन गेला, तर बॉम्बच्या संशयावरून त्याला बेड्या पडल्या. गुन्हा काही दाखल झाला नाही. पण विचार करा. ज्या राज्यात एका मुलाच्या हातातलं घड्याळ संशयास्पद ठरतं आणि दुसऱ्याच्या कमरेचं पिस्तूल हक ठरतं, तिथे 'चांगला माणूस' कोणाला म्हणायचं हे आधीच कोणाच्या तरी मनात ठरलेलं असतं. संकटाच्या त्या मिनिटात हाच पूर्वग्रह गोळीची दिशा ठरवू शकतो. माझ्या मते या कायद्यातला खरा धोका इथे आहे. आणि तो एकट्या मुसलमानांना नाही, काळ्या विद्यार्थ्यांनाही आहे.

पालकांनी काय लक्षात ठेवावं?

घाबरून जायचं कारण नाही. हा कायदा आल्यावर कॅम्पसवर रक्ताचे पाट वाहिले, असं झालेलं नाही. हजारो भारतीय मुलं तिथे नीट शिकतायत. पण माहिती हवी.

एक, कॉलेज सरकारी की खासगी ते बघा. नियम त्यावर ठरतात.

दोन, हॉस्टेलचे नियम विद्यापीठाच्या वेबसाइटवर असतात, ते मुलाला वाचायला लावा.

तीन, सर्वांत महत्त्वाचं. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या परदेशी मुलाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे, शिकारीच्या परवान्यासारखे थोडे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. मित्राचं पिस्तूल 'जरा सांभाळ' म्हणून ठेवून घेणं किंवा गंमत म्हणून हातात घेऊन फोटो काढणं व्हिसावर येऊ शकतं. मुलाला हे जाण्याआधी स्पष्ट सांगा.

चार, कोणाच्या कमरेला पिस्तूल दिसलं किंवा कोणी धमकावलं, तर स्वत: वाद न घालता कॅम्पस पोलिसांना कळवायचं. तो नंबर पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवायला सांगा.